अंगणवाडीच्या खुंट्या: गोल दांडीची टोकं घोटण्याच्या नोंदी

१४ जून २०२५, चिपळूण

सोमवारपासून शाळा सुरू होतायत आणि वहिनींच्या अंगणवाडीचं काम मी आज खऱ्या अर्थाने हातात घेतलं. मार्चमध्ये तिथल्या एका मुलाच्या भुवईला भिंतीवरच्या लोखंडी हुकाचं टोक लागलं, पळता पळता वळला आणि थेट हुकावर, दोन टाके पडले. डोळा बोटभर खाली होता. ते ऐकल्यापासून माझ्या डोक्यातून ती पट्टी जात नव्हती. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही लाकडाचं एवढं करता, आमच्या पोरांना दप्तरं अडकवायला काहीतरी बिनटोकाचं करून द्या ना." म्हटलं देतो, ३२ खुंट्या, ८-८ च्या चार पट्ट्या.

हुक वर घ्या म्हणजे प्रश्न मिटला असं आधी वाटलं होतं पण तसं नाहीये. वहिनींकडे मुलांच्या उंचीची नोंद असते दर महिन्याची, त्यात सगळ्यात लहान ९१ सेंमी आणि सगळ्यात उंच ११४. डोळे डोक्याच्या वरच्या टोकापासून साधारण १०-११ सेंमी खाली धरा, म्हणजे ८० ते १०३ च्या पट्ट्यात सगळे डोळे आले. आणि ९१ सेंमीच्या पोराला स्वतःच्या हाताने दप्तर अडकवता यायचं तर खुंटी १०० च्या वर नेता येत नाही. म्हणजे खुंटी डोळ्यांच्या आसपास येणारच, ते टाळता येत नाही, मग टोकच असं करायचं की लागलं तरी इजा कमीत कमी व्हावी. सगळं काम त्या एका टोकाचं आहे, बाकी पट्टी काय, भोक काय, ते कोणीही करेल.

आजोळी वाड्याच्या भिंतीत सागवानी खुंट्या होत्या, कातीव, पुढे बोंड असलेल्या. आजोबांचं उपरणं, छत्री, आजीची जपमाळेची पिशवी. त्या बोंडावरून हात फिरवायची मला लहानपणी सवय होती, इतकं गुळगुळीत होतं की थंड लागायचं. ते डोळ्यासमोर ठेवूनच करायचंय.

सामान: पट्टीला फणस, घरचाच, पाच वर्षं माळ्यावर पडलेला, २८ मिमी जाडीचा निघाला. खुंट्यांना २५ मिमीच्या स्टीम बीचच्या (बीच हे परदेशी लाकूड, वाफवलेलं) गोल दांड्या पुण्याहून मागवल्या, १ मीटरच्या ४. सागाच्या दांड्या महाग पडत होत्या आणि बीचचे रेषे बारीक असतात, टोक घोटायला ते बरं, आडव्या कापलेल्या रेषांचा तो भाग फार खडबडीत होत नाही.

१५ जून

दांड्या कापल्या. खुंटी ८५ मिमीची, १८ पट्टीच्या भोकात जाणार आणि ६७ बाहेर. करवतीची जाडी धरून एका मीटरमधून ११ निघाल्या, एकूण ४४. ३२ लागणार, १२ जास्तीच्या आहेत त्या प्रयोगाला.

दिवसभर फक्त आकार ठरवण्यात गेला आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाहीये. तीन नमुने केले. पहिला, टोक सपाटच ठेवून नुसती कड मारलेली, २ मिमी. दुसरा, उथळ घुमट, मध्यभागी ६ मिमी उंच. तिसरा पूर्ण अर्धगोल, म्हणजे चेंडूच कापून लावल्यासारखा.

डोळे मिटून प्रत्येक टोक तळहातावर, मग कपाळावर, मग गालाच्या हाडावर दाबून बघितलं. सपाट टोकाची कड लगेच कळते, नाणं उभं दाबल्यासारखी, आणि पोरगं सरळ कधी आपटत नाही, तिरकंच आपटतं, तेव्हा सगळा भार त्या कडेवरच येणार. म्हणून पहिला बाद. पूर्ण अर्धगोल दिसायला छान पण त्याच्यात १२.५ मिमी लांबी घुमटातच जाते, दप्तराचा पट्टा पुढे सरकला की त्या उतारावरून घसरतो, मी आमच्या पुतणीचं दप्तर दहा वेळा अडकवून बघितलं, तीनदा पडलं. मधला मला पटला. त्याचा हिशोब असा की २५ मिमी रुंदीवर ६ मिमी उंच घुमट म्हणजे तो १६ मिमी त्रिज्येच्या गोलाचा तुकडा होतो, अर्धगोलाची त्रिज्या १२.५ च असते, म्हणजे मधला नमुना खरं तर जास्त पसरट आहे आणि दाब जास्त जागेवर वाटतो. फक्त घुमट जिथे बाजूला मिळतो तिथे एक कड राहते, ती वेगळी मारायला लागणार, साधारण ३ मिमी गोलाई देऊन. ती राहिली तर सगळं फुकट.

आकार ठरला: ६ मिमी घुमट, ३ मिमीची कड.

१८ जून

संध्याकाळी हाताने दोन खुंट्या पूर्ण केल्या, कानस आणि पॉलिश पेपर, मशीन काही नाही. पद्धत लिहून ठेवतो, कारण ज्याच्याकडे मशीन नाही आणि चार-पाचच टोकं करायची आहेत त्याने हेच करावं असं माझं स्पष्ट मत आहे.

टोकापासून ६ मिमीवर दांडीभोवती पेन्सिलची रेघ. कागदाची पट्टी गुंडाळली की रेघ बरोबर फिरते, कागदाची कड जिथे स्वतःला मिळते तिथे जुळली म्हणजे रेघ सरळ आहे. मग टोकाच्या सपाट भागावर बरोबर मध्यावर ठिपका. नियम एकच, ठिपका पुसायचा नाही आणि रेघ पुसायची नाही, या दोघांच्या मधलं सगळं लाकूड काढायचं. ठिपका गेला की उंची कमी झाली, रेघ गेली की घुमट वाकडा झाला, दोन्ही शाबूत असतील तर टोक आपोआप मध्यावर येतं. आधी कानशीने एक तिरपा काप चहूबाजूंनी, दांडी फिरवत फिरवत, मग त्या कापाच्या वरच्या आणि खालच्या कोपऱ्यावर पुन्हा काप, असे पैलू वाढत जातात आणि मग पेपरने पैलू मोडायचे. कानस नेहमी कडेकडून मध्याकडे चालवायची. उलटी, म्हणजे मध्याकडून बाहेर, चालवली तर कडेच्या रेषांना मागून आधार नसतो आणि ढलपा निघतो. माझा पहिल्या खुंटीला निघालाच, तांदळाएवढा, पण तो ३ मिमीच्या कडेत गेला.

ज्यांना पूर्ण अर्धगोल करायचाय त्यांच्यासाठी एक आकडा: पहिला ४५ अंशाचा काप टोकापासून त्रिज्येच्या ०.५८६ पट अंतरावर सुरू करायचा. २५ च्या दांडीला ७.३ मिमी. हा आकडा अष्टकोनातून येतो, बाहेरचा चौकोन आणि आतला गोल यांच्यामधला कोपरा नेमका तेवढाच काढला की काप गोलाला फक्त टेकतो, आत शिरत नाही.

वेळ: एका खुंटीला १४ मिनिटं. ३२ ला साडेसात तास. करता येईल, पण दुसरी खुंटी पहिलीसारखी झाली नव्हती हे मला जास्त खुपलं. दोन्ही शेजारी धरल्या तर एक टोकदार, एक बसकी. एकाच पट्टीवर आठ शेजारी शेजारी असणार, ते डोळ्याला खटकेल.

२२ जून

आज राऊटर, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या बिटने लाकूड कोरणारं मशीन. छोटा ट्रिमर, म्हणजे हातात मावणारा राऊटर, प्लायवूडच्या फळीखाली उलटा बसवला, वर टेबल झालं, त्याला ९.५ मिमी त्रिज्येचं गोलाई बिट, डोक्यावर बेअरिंगवालं. हिशोब असा होता की दांडी टेबलावर आडवी ठेवून टोक बेअरिंगला टेकवायचं आणि दांडी स्वतःभोवती फिरवायची, कड चहूबाजूंनी गोल होईल आणि मधे ६ मिमीचं सपाट राहील ते पेपरने घोटायचं. यापेक्षा मोठं, १२.७ चं बिट २५ च्या दांडीला चालतच नाही, कारण दांडीची त्रिज्याच १२.५, मग बेअरिंगला टेकायला मधे जागा उरत नाही आणि टोक आत खेचलं जातं.

इथे मी चूक केली आणि ती नीट सांगतो. दांडी नुसती एका सरळ पट्टीला टेकवून हातात धरली. ट्रिमर मिनिटाला ३०,००० च्या आसपास फेरे घेतो. टोक बिटला लागलं त्या क्षणी बिटने ते पकडलं, दांडी हातात गरकन फिरली, तळहाताचं कातडं सोललं आणि खुंटी पडवीच्या भिंतीवर जाऊन आपटली. चष्मा होता, खुंटी माझ्या बाजूला आली नाही. मशीन बंद करून अर्धा तास नुसता बसलो. आखूड गोल तुकडा मोकळ्या हाताने राऊटरला कधीही, कधीही लावू नका, चौकोनी लाकूड निदान टेबलावर बसून राहतं, गोल तुकड्याला अडवायला काहीच नसतं.

दुपारी फणसाच्या ठोकळ्याला आरपार २५ चं भोक मारलं, ठोकळा शिकंज्याने टेबलाला आवळला, दांडी मागून त्या भोकातून घातली आणि टोक तेवढंच पलीकडे बिटपाशी. आता दांडी कुठे पळू शकत नाही, फक्त फिरू शकते. माझ्या खुंट्या आधीच कापलेल्या होत्या, पण खरं तर दांडीचा तुकडा लांब ठेवून टोक झाल्यावर कापावा, म्हणजे हात बिटपासून वीतभर लांब. बिट एकदम पूर्ण न लावता तीन वेळा थोडं थोडं वर घेतलं. एक टोक ४० सेकंदात झालं.

तरी मी ही पद्धत सोडतोय. एक तर टोकाला जळल्याचे काळे डाग पडतात, हात जरा थांबला की पडलाच, आणि आडव्या रेषांमध्ये गेलेला काळेपणा पेपरने लवकर निघत नाही. दुसरं, बाजारातली दांडी सगळीकडे २५ नसते, माझ्या चारमध्ये २४.६ पासून २५.४ पर्यंत माप भरलं, बारीक दांडी भोकात लटपटते, जाड अडकते. आणि मुख्य म्हणजे बिट त्याच्या आकाराचं टोक देतं, मला हवं तो घुमट नाही मिळत. शंभर टोकं साध्या कडेची करायची असतील तर ठोकळा करून राऊटर जरूर वापरा. चार खुंट्या वाया गेल्या.

२५ जून

शेजारच्या वाडीतले अण्णा सुतार आले होते, वय पंच्याहत्तरच्या पुढे, अजून रंधा हाताने धरतात. माझे सगळे नमुने ओटीवर मांडून ठेवले होते. त्यांनी एकेक उचलला, अंगठा फिरवला, हाताने केलेली खुंटी बाजूला ठेवली आणि म्हणाले, "अरे बाळा, गोल वस्तू गोल फिरवूनच गोल होते. तू हत्यार फिरवतोयस, लाकूड फिरव."

ते सांगत होते की पूर्वी कातारी कमानीची दोरी लाकडाला गुंडाळून एका हाताने कमान मागेपुढे करायचे आणि दुसऱ्या हाताने पटाशी धरायचे, पायाचा अंगठाही हत्याराला आधार द्यायचा. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी खेळणी आपण बघतो, भोवरे वगैरे, ती अशीच फिरत्या लाकडावर होतात आणि लाखेचा रंगही फिरत्या लाकडावरच चढतो, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून बसते. माझ्याकडे कात, म्हणजे लाकूड फिरवायचं यंत्र, नाही. पण ड्रिल मशीन आहे.

अडचण अशी की माझ्या ड्रिलच्या तोंडात १३ मिमीपर्यंतच मावतं, २५ ची दांडी जात नाही. मग खुंटीच्या मागच्या बाजूला बरोबर मध्यावर ४ मिमीचं भोक, त्यात लाकडात बसवायचा ६ मिमीचा स्क्रू, डोकं कापून टाकलेला, आणि तो स्क्रू ड्रिलमध्ये. खुंटी आता ड्रिलच्या टोकावर भिंगरीसारखी फिरते. आणि यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तेच भोक पुढे कामाला येणार, पट्टीच्या मागून जो स्क्रू खुंटी धरणार तो ह्याच भोकात जाईल. भोक फुकट जात नाही आणि मध्य सापडलेला असतो.

पेपर कशावर लावायचा हा दुसरा प्रश्न. कडक फळीवर लावला तर पैलू पडतात, हातात धरला तर बोटं जातात. घरात जुनी हवाई चप्पल होती, तळ पूर्ण झिजलेली नाही अशी. तिचा टाचेचा चौकोनी तुकडा कापून फळीवर चिकटवला, त्यावर ८० नंबरचा पेपर. फिरतं टोक त्यावर टेकवलं की रबर थोडं दबतं आणि स्वतःच घुमटाचा आकार घेतं. ड्रिल सरळ धरायचं नाही, कलता धरून गोल गोल डोलवायचं, वरवंटा डाव्या-उजव्या बाजूला झुकवावा तसं, म्हणजे मध्य आणि कड दोन्हीकडून लाकूड निघतं.

पहिलीच खुंटी तीन मिनिटांत झाली आणि बघत राहिलो. अण्णांना नेऊन दाखवली. त्यांनी ती गालावर घासून बघितली, काही बोलले नाहीत, खिशात घातली.

२९ जून

आज १९ झाल्या. लाईट दोनदा गेली नसती तर सगळ्या झाल्या असत्या.

एकसारखेपणासाठी माप केलं ते फार उपयोगी पडलं. ६ मिमी प्लायला ३२ मिमीच्या बिटने भोक मारलं, म्हणजे त्रिज्या बरोबर १६, माझ्या घुमटाची. मग भोकाच्या कडेपासून ६ मिमी आत सरळ करवत मारली. उरला तो उथळ कंस, त्याचं तोंड बरोबर २५ मिमी आणि खोली ६, म्हणजे खुंटीचं टोक त्यात जसंच्या तसं बसतं. उजेडाकडे धरून बघायचं, मधून उजेड आला तर मध्य जास्त उतरलाय, दोन्ही कडांनी आला तर मध्य कमी घासलाय. दर खुंटीला दोनदा धरतो.

क्रम असा बसला. कानशीने कड ढोबळ उतरवायची, ड्रिल मंद, हे हातात फिरवूनही होतं. मग ८० नंबर चपलेवर, माप जुळेपर्यंत. मग १२०, १८०, २४०. प्रत्येक नंबर आधीच्या नंबरच्या रेघा जाईपर्यंत, त्याच्याआधी पुढे जायचं नाही, कारण फिरत्या लाकडावर पडलेल्या रेघा गोल असतात, तेल लावल्यावर त्या जात्यावरच्या टाकीसारख्या उठून दिसतात. शेवटी ड्रिल बंद करून हाताने रेषांच्या दिशेने दोन-चार हात. ३ मिमीची कड मात्र वेगळी, पेपरची घडी दोन बोटांच्या चिमटीत सैल धरून. पेपर बोटाभोवती गुंडाळायचा नाही, फिरत्या वस्तूने पेपर ओढला तर बोट सोबत जातं.

आणि तोंडाला मास्क. हे मी दर वेळी लिहिणार आहे. लाकडाच्या भुशाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ मध्येच माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात घातलंय, आणि बीच, ओक यांसारख्या लाकडांचा भुसा त्यात विशेष. २४० नंबरचा भुसा इतका बारीक असतो की उन्हाच्या तिरपेत धुरासारखा तरंगतो. साधा फडका बांधून भागत नाही.

६ जुलै, आषाढी एकादशी

खिचडी खाऊन पडवीत बसलो, बाहेर संततधार. पट्ट्यांना भोकं मारून झाली होती, २५ चं बिट, १८ खोल, १० अंश वर कलतं म्हणजे पट्टा आपोआप भिंतीकडे सरकेल. कलासाठी १० अंशावर भोक पाडलेला ठोकळा आधी केला आणि त्यातून बिट घातलं, त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही.

सांगण्यासारखं हे, की एकही खुंटी आत जाईना. कापल्या तेव्हा जी खुंटी मोजून २५.० होती ती आज एका दिशेने २५.३ आणि दुसऱ्या दिशेने २५.१. गोल दांडी गोल राहिलीच नाहीये, लंबगोल झालीय. लाकूड वर्षवलयांच्या दिशेने, म्हणजे वलयाला समांतर, जेवढं फुगतं त्याच्या साधारण निम्मंच मध्याकडून सालीकडे फुगतं, म्हणून पावसात दांडी चपटते. आणि बीच तर या बाबतीत फार हळवं लाकूड. पुण्याची कोरडी दांडी तीन आठवडे चिपळूणच्या पडवीत उघडी ठेवली, दुसरं काय होणार. प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवायला हवी होती.

टोकांनाही झालंय. जी टोकं २४० ने काचेसारखी केली होती त्यांच्यावर हात फिरवला तर बारीक खरखर, दोन दिवसांच्या दाढीसारखी. दमटपणाने रेषे उभे राहिलेत. खरं तर हे बरं झालं, कारण हे कधी ना कधी होणारच होतं, पोरांचे ओले हात लागले असते तेव्हा झालं असतं. आता उभे राहिलेत तर आत्ताच कापून टाकू.

अण्णांना विचारलं की तशाच शेपटाकडून, म्हणजे भोकात जाणाऱ्या बाजूने, घासून बसवू का. म्हणाले, "पावसात फुगलेलं पावसात घासून बसवशील तर मे महिन्यात खुळखुळेल. सुकव आधी."

१३ जुलै

पत्र्याची जुनी ट्रंक, आत ६० वॅटचा बल्ब टांगलेला, खुंट्या जाळीवर पसरलेल्या, झाकण बोटभर उघडं. बल्ब लाकडापासून दीड वीत लांब. एकदम तापवलं तर टोकाला बारीक चिरा जातात, पाणी टोकातून सगळ्यात लवकर निघतं ना, म्हणून सावकाश, पाच दिवस दिले. काल मोजल्या, २५.१ आणि २५.० वर आल्या. एकाही टोकाला चीर नाही, प्रत्येक भिंगाखाली बघितलंय.

आज शेपटाचा १८ मिमी भाग ड्रिलवर फिरवून १२० ने जरासा उतरवला, हाताने दाबून आत जाईल आणि हाताने ओढून निघणार नाही इतका. मग टोकं, ओल्या फडक्याने पुसली, सुकू दिली, २४० ने उभे रेषे कापले, पुन्हा पुसली, पुन्हा कापले, आणि तिसऱ्यांदा रेषे उठलेच नाहीत. शेवटी ३२० नंबर फक्त टोकांना. बाजूंना २४० च ठेवला, हा फरक मुद्दाम आहे, आडव्या रेषांचं टोक तेल जास्त पितं आणि काळपट होतं, जास्त घोटलं की तोंडं थोडी बंद होतात आणि रंग बाजूंच्या जवळ येतो.

परीक्षा: वहिनींच्या जुन्या नायलॉन ओढणीचा तुकडा प्रत्येक टोकावरून ओढला. कुठे धागा अडकला तर तिथे पेन्सिलने खूण. ३४ पैकी ५ ठिकाणी अडकला, डोळ्याला आणि बोटाला तिथे काहीच कळत नव्हतं. मुलांची कातडी आपल्यापेक्षा त्या ओढणीच्या जवळची.

२० जुलै

तेल. चपडा लाख लावायची फार इच्छा होती, खुंटीला ती चमक शोभते, पण या हवेत स्पिरिट उडताना दमट हवेतलं पाणी बसतं आणि लाखेवर पांढुरकी साय येते. खोबरेल घरात हवं तेवढं आहे पण ते कधी वाळतच नाही, नुसतं मुरून राहतं आणि पुढे खवट होतं. म्हणून कच्चं अळशीचं तेल आणि त्यात थोडं मधमाशीचं मेण, डबा गरम पाण्यात ठेवून विरघळवलेलं.

पहिला हात जाड लागला. पाच दिवसांनी पण चिकट, कोरड्या फडक्याने रगडून काढावा लागला. दुसरा हात अगदी पातळ, लावला आणि दहा मिनिटांत पुसून टाकला. कच्च्या तेलाला या दिवसांत आठवडा द्यायलाच लागतो.

तेलाचे फडके बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. अळशीचं तेल वाळताना स्वतः तापतं, बोळ्यात ती उष्णता कोंडते आणि काडी न लावता फडका पेट घेतो. बाहेर तारेवर पसरायचे, पाऊस असेल तर पाण्याच्या बादलीत. भुसा पडलेल्या पडवीत तर याची खास काळजी.

२७ जुलै

बसवल्या. भोकात फेविकॉल, खुंटी दाबून, मागून त्या जुन्या मध्याच्या भोकात स्क्रू. टोकाकडून आडव्या रेषांत स्क्रू फार जोराने धरत नाही हे माहितीय, तो फक्त फेविकॉल सुकेपर्यंत खुंटी ओढून ठेवायला, खरी पकड १८ मिमीच्या भिंतीची. बसवताना वर्षवलयं सगळ्या खुंट्यांत एकाच दिशेला ठेवली, जास्त फुगणारी बाजू पट्टीच्या लांबीला धरून. ती पट्टीच्या रुंदीला धरली असती तर खुंटी फुगताना पट्टी रेषांवर फाकली असती.

एका खुंटीवर मी स्वतः लटकून बघितलं नाही, पण १० किलोचं तांदळाचं पोतं रात्रभर ठेवलं. हलली नाही.

२ ऑगस्ट

आज पट्ट्या अंगणवाडीत लागल्या, खुंटीचा मध्य जमिनीपासून १०० सेंमीवर. जुने हुक काढून भिंतीतली भोकं लांबीने (पुट्टीने) बुजवली. वहिनींनी प्रत्येक खुंटीवर एक चित्र चिकटवलंय, बेडूक, छत्री, फणस, होडी, ज्याला जे आवडलं ते त्याने निवडलं.

९१ सेंमीवाली मुलगी, आता ९२ आहे म्हणे, तिने होडी घेतली. टाचा उंच करून दप्तर अडकवलं, पट्टा मागे सरकून भिंतीला टेकला. मग तिने खुंटीच्या टोकावर अंगठा ठेवला आणि गोल गोल फिरवत बसली, बराच वेळ, बाकीची पोरं आत गेली तरी. वहिनींनी हाक मारली तेव्हा गेली.

ज्याच्या भुवईला लागलं होतं तो बेडकाच्या खुंटीवर आहे, दाराजवळची पहिली.

उरलेलं काम: दोन खुंट्या तेल लावून ठेवल्यात, बदलायला. जानेवारीत हवा कोरडी झाली की पट्ट्या भिंतीवरून उतरवून प्रत्येक खुंटी हाताने हलवून बघायची, सैल असेल तिथे स्क्रू अर्धा फेरा. आणि टोकांवरून पुन्हा ती ओढणी फिरवायची.